पेटीतली झबली

ओन सेन आजीच्या घरात बुद्धाच्या फळीखालोखाल मान होता तो एका सागवानी पेटीला. पेटीत सोनंनाणं नव्हतं. आजीच्या पाच लेकरांची झबली, टोपडी आणि दुपटी होती. पाच झाली आणि पाचही जगली. मॉलमाइनच्या टेकडीमागच्या त्या गल्लीत आजीच्या तरुणपणी असं भाग्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि आजीनं ते कुणाला विसरूही दिलं नव्हतं.

त्यामुळे गल्लीत एक रीतच पडून गेली. कुणाचे दिवस भरत आले की त्या घरची बाई आजीकडे यायची, पेटीसमोर बसायची आणि दोन झबली मागून न्यायची. भाग्यवान लेकरांचं कापड अंगाला लागलं की नवं लेकरूही तगतं, असा सगळ्यांचा समज. बाळानं बाळसं धरलं की कपडे धुऊन परत. पुन्हा पेटीत, पुन्हा घडी, आणि प्रत्येक घडीत डांबरगोळ्या. समुद्राकडचा दमट वारा, कसर आणि झुरळं यांच्यापासून एवढी वर्षं कापड राखायचं म्हणजे काही थट्टा नव्हे. जुन्या गोळ्या विरल्या की आजी बाजारातून नव्या आणायची. त्यात तिनं कधी हात आखडता घेतला नाही. गल्लीतून जाताना एखाद्या दारातून तो उग्र वास आला की माणसं हसून म्हणायची, इथं बाळ आलेलं दिसतंय.

या भाग्यवान आजीच्या स्वतःच्या ओसरीवर मात्र एका चटईवर फो लोन पडलेला असायचा. धाकट्या लेकाचा, झेयाचा, थोरला मुलगा. फो लोन म्हणजे गोलमटोल नातू. नाव ठेवलं तेव्हा तो होताही तसाच. आता चार वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता. हातपाय आपोआप वेडेवाकडे वळायचे. कानाशी पातेलं आपटलं तरी पापणी लवत नव्हती. त्याला वर बघायचं असलं तर डोळे वर जात नसत, सगळं डोकं मागं टाकावं लागे, आणि डोकं तर त्याच्या ताब्यातच नव्हतं. झेया सीमेपलीकडे थायलंडात मासळीच्या कारखान्यात राबत होता, वर्षाकाठी एकदा घरी यायचा आणि एरवी फोनवर मुलाचा चेहरा बघायचा. मुलाचं सगळं करायची ती त्याची आई, एंद्रा.

हे कशामुळे झालं? आजीचं उत्तर जिभेवर तयार असायचं. आपल्याकडे बाळंतीण केसांना पाणी लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एंद्रानं मात्र पहिल्या बाळंतपणात उकाडा सोसवेना म्हणून गुपचूप केस धुतले होते. बस्स, थंडी शिरली, दूध नासलं, आणि पोराच्या नशिबी हे आलं. दुपारी गल्लीतल्या बायका आजीच्या ओसरीवर विड्या वळायला जमत, आणि हातातलं पान वळता वळता हीच गोष्ट पुन्हा वळली जाई. एंद्रा पलीकडे बसून फो लोनला भाताची पेज भरवत असे आणि ऐकत असे. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही.

बायकांमध्ये शेजारची चो मार असायची, तीही ही गोष्ट निघाली की खाली मान घालून विड्या वळायची. तिचा मुलगा तर गेलाच होता, बाळंतिणीच्या खोलीतच. तिनं तर केसही धुतले नव्हते. त्यामुळे तिच्या बाबतीत गल्लीनं दुसरा निवाडा केला होता, मागच्या जन्मीचं काहीतरी. मंडळी, आपल्याकडे बाईच्या माथी मारायला काहीच सापडलं नाही की मागचा जन्म तेवढा हाताशी असतोच.

तर एंद्राला दुसरा मुलगा झाला.

बाळंतपण इस्पितळात झालं आणि सुखरूप झालं. घरी सोडताना परिचारिकेनं बजावलं होतं की बाळाला रोज दिवसाच्या उजेडात उघडं करून बघा, अंग पिवळं वाटलं तर लगेच आणा, आणि काही नसलं तरी दोन दिवसांनी एकदा दाखवून जा. आजीनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? ओली बाळंतीण उंबरा ओलांडून फिरायला निघते, हे त्या पोरीनं कुठं पाहिलं होतं कुणास ठाऊक!

घरी खोली तयार होती. खिडकी बंद, फटींतून चिंध्या कोंबलेल्या, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा, तोही पिवळा. आजीनं एंद्राला कपाळापासून पायांपर्यंत हळद चोपडली, हात सैल न ठेवता. मग ती पेटीपाशी गेली आणि हिरव्या काठाचं झबलं काढून तिनं झटकलं. दोन पांढऱ्या गोळ्या घरंगळत फळीखाली गेल्या.

एंद्रानं उशाखालून काहीतरी काढलं. जुन्या लुंगीच्या मऊ कापडाची, हातानं शिवलेली दोन झबली.

"आई, ह्याला ही घालू का?" तिनं हळूच विचारलं.

"आणि माझ्या पेटीला काय कीड लागली?"

"तसं नाही हो. पण फो लोनलाही पेटीतलीच घातली होती."

आजी वळली. "फो लोनला तुझे केस बाधले, माझी झबली नाही बाधली. पाच वाढवलीत मी ह्या कापडात. तू एक तरी धड वाढवून दाखव, मग मला शिकव."

एंद्रानं आपली झबली पुन्हा उशाखाली ठेवली. बाळाच्या अंगात पेटीतलं झबलं गेलं, डोक्यावर पेटीतलं टोपडं आलं आणि वरून पेटीतलंच दुपटं. बंद खोलीत डांबरगोळ्यांचा वास हळूहळू सगळीकडे भरून राहिला.

बाळ मोठं शहाणं निघालं. रडणं नाही, कुरकुर नाही, दूध पाजायला घेतलं की दोन घोट घेऊन झोपायचं. आजी ओसरीवर कौतुकानं सांगू लागली की ह्या खेपेला लेकरू अगदी गुणाचं आहे, आईला त्रासच देत नाही. एंद्रानं दोनदा सांगितलं की बाळ नीट पीत नाही. आजी म्हणाली, पोट भरलं असेल. एंद्रानं खिडकी उघडू का विचारलं. आजीनं नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि ते बघणं पुरेसं होतं. परिचारिकेनं बोलावलेला दिवस आला आणि गेला. त्याची आठवण एंद्रानं केली, तेव्हा आजी म्हणाली की महिना उलटू दे, मग काय मिरवायचं ते मिरव.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी सुनेसाठी मासळीचा कढ घेऊन खोलीत शिरली आणि दारातच थबकली. खोलीत लख्ख उजेड होता. खिडकीचं दार सताड उघडं, चिंध्या खाली पडलेल्या. एंद्रा खाटेच्या कडेला बसली होती, मांडीवर उघडं बाळ, आणि ती ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसत होती.

आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळंतिणीच्या खोलीत वारा! चार दिवसांच्या लेकराला पाणी! कढाचं भांडं खाली ठेवता ठेवता तिनं तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. एंद्रा मध्ये बोलली नाही. आजी दमल्यावर ती म्हणाली, "आई, इकडे या. बघा."

तिनं फडकं पाण्यात पिळलं. तिच्या हातापोटाची हळद बाळाला लागली होती ती पाण्यात उतरली होती.

"हळद निघाली," ती म्हणाली. "हे नाही निघत."

तिनं बाळाच्या छातीवर बोट दाबलं आणि उचललं. दाबलेल्या जागी कातडी क्षणभर फिकी झाली, आणि त्या फिकेपणातही रंग होता तो पिवळाच. पोट पिवळं. मांड्या पिवळ्या. तिनं तळपाय वर करून दाखवला, तोही पिवळा. एका हातानं तिनं बाळाची पापणी उघडली, तर डोळ्याचं पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं.

"सकाळच्या उन्हात धरू," आजी म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "उन्हानं उतरतं ते. सगळ्यांना होतं थोडं थोडं."

तेवढ्यात बाळ रडलं. बारीक, उंच, सुरी ताटावर घासावी तसं. रडताना त्याची पाठ धनुकलीसारखी मागं वाकली आणि डोकं एंद्राच्या हातावरून खाली लोंबलं.

आजी उभ्या जागी थिजली. हे रडणं तिच्या ओळखीचं होतं. चार वर्षांपूर्वी ह्याच खोलीत फो लोन असाच रडला होता, आणि आजीनं ओसरीवर जाऊन सांगितलं होतं की पोराचा गळा चांगला आहे, मोठा गवय्या होणार.

एंद्रा उठली. तिनं घाईत बाळाच्या अंगात पेटीतलंच झबलं अडकवलं, कारण हाताशी तेच होतं, वरून दुपटं गुंडाळलं आणि ती चालू लागली. तेलकट केस, हळदीनं माखलेलं अंग, अनवाणी पाय, तशीच ओसरीवरून, विड्या वळणाऱ्या बायकांच्या मधून, गल्लीत. एकीच्या हातातलं पान गळून पडलं. आजी मागून धावली. फो लोनजवळ बसायला कुणाला सांगावं हेही तिला सुचलं नाही. चो मार काही न बोलता उठून त्याच्या चटईवर जाऊन बसली.

गल्लीच्या तोंडाशी तीनचाकी मिळाली. वाटेत बाळ रडायचं थांबलं. ते थांबणं रडण्याहून वाईट होतं.

इस्पितळात लहान मुलांच्या डॉक्टर होत्या सान यी. पन्नाशीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्या बाळावर वाकल्या आणि हात लावायच्या आधीच त्यांनी मान वर केली. त्यांना वास आला होता.

"आधी हे कपडे उतरवा आणि बाहेर नेऊन ठेवा," त्या म्हणाल्या. "ह्या खोलीत नकोत."

एवढ्या धावपळीतही आजीला ते लागलं. झबलं आणि दुपटं तिनं उचललं, आणि बाहेरच्या बाकावर बसून सवयीनं त्याची नीट घडी घातली.

आत बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. मग त्याला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून, निळ्या दिव्यांखाली ठेवलं. काचेतून आजीला दिसत होतं, त्या निळ्या उजेडात नातवाचा रंग कसलाच वाटत नव्हता. डॉक्टरांनी येऊन सांगितलं की ह्या दिव्यानं कातडीतलं पिवळं द्रव्य बदलतं आणि शी-शूवाटे बाहेर पडतं, आणि वेळेवर आणलेली बहुतेक बाळं एवढ्यावरच बरी होतात. ह्याचं मात्र फार चढलं आहे. दिव्यावर भागणार नाही. बेंबीतून नळी घालून त्याचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरावं लागेल. त्यात जिवाचा धोका आहे, आणि न करण्यात त्याहून मोठा आहे. एंद्रानं सगळं ऐकलं आणि हो म्हटलं. आजीकडे तिनं बघितलंही नाही.

ते काम चाललं असताना एंद्रा काचेपाशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. आजी बाकावर, मांडीवर घडी घातलेलं झबलं घेऊन. काम आटोपून डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पाठीला रग लागलेली दिसत होती. बाळ अजून आहे, एवढंच त्या आधी म्हणाल्या. मग आजीशेजारी बसल्या आणि त्यांनी पहिल्या मुलाबद्दल विचारलं.

आजीनं सांगितलं. फो लोनची मान, कान, डोळे, आणि शेवटी केस. चार वर्षं सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती, ती तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडली. डॉक्टरांनी मध्ये तोडली नाही.

"केसांना पाणी लावल्यानं बाळाला कावीळ होत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "फो लोनलाही कावीळच झाली होती. ते पिवळं द्रव्य मेंदूत शिरलं. एकदा शिरलं की तिथून काढता येत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं की ह्या बाळाच्या रक्तात एक उणीव सापडली आहे. तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य असतं, ते ह्याच्यात कमी आहे. म्हणून पेशी चटकन फुटतात, आणि फुटल्या की पिवळं वाढतं. ही उणीव मुलग्यात येते ती आईकडून.

"म्हणजे खोट हिच्याकडचीच!" आजीच्या तोंडून निघून गेलं. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी हलकं वाटलं. एंद्रा काचेपाशी होती, पण बाक काही लांब नव्हता. तिनं ऐकलं.

"आईकडून आली, हे खरं," डॉक्टर म्हणाल्या. "तिला तिच्या आईकडून आली असेल. आपल्या भागात दहाएक मुलग्यांमागे एखाद्याचं रक्त असं असतं. ती पोरं मोठी होतात, होड्या वल्हवतात, बापही होतात, आणि त्यांना ह्याचा पत्ताही नसतो. फक्त काही गोष्टी त्यांना सोसत नाहीत. त्यातली एक म्हणजे डांबरगोळी. तिचा नुसता वास, तिच्यात मुरलेलं कापड अंगाला लागणं, एवढ्यानं त्या रक्ताची नासाडी होते. रक्त हिनं दिलं, आजी. गोळ्या कुणी दिल्या?"

आजीचा हात झबल्यावर होता, तो तिनं काढून घेतला.

"माझी पाच वाढली ह्यात," ती म्हणाली. "पाचच्या पाच."

"कारण त्या पाचांच्या रक्तात ही उणीव नव्हती. भाग्य रक्तात होतं, झबल्यात नव्हतं. आणि अजून एक सांगते, राग मानू नका. नुसत्या गोळ्यांवरही मी सगळं ढकलणार नाही. गोळ्या नसतानाही असल्या बाळांची कावीळ कधी कधी वाढते. म्हणून तर आम्ही सांगतो, उजेडात बघा, परत दाखवायला आणा. एक-दोन दिवस आधी दिसलं असतं तर निळ्या दिव्यावर भागलं असतं. तुमच्या सुनेनं सांगितलं मला, तुम्ही खिडकी बंद केलीत, पिवळा दिवा लावलात, आईला हळद चोपडलीत. त्या खोलीत पिवळं बाळ कुणाला दिसणार होतं? आणि ते पीत नाही, झोपून राहतं, ह्याला तुम्ही शहाणपण म्हणालात."

"उन्हात..." आजी पुटपुटली.

"उन्हानं एवढी कावीळ उतरत नाही. आणि उन्हात धरायला त्याला बाहेर तरी कुठं काढत होता तुम्ही?"

मग डॉक्टरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "ही झबली आणखी कुणाच्या बाळांनी घातलीत?"

मंडळी, ओन सेन आजी मनातल्या मनात घरं मोजू लागली. आयुष्यभर जी यादी ती मिरवत आली होती, तीच आता तिच्या डोळ्यांपुढून एक एक घर करत सरकू लागली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची जुळी, धडधाकट. लोहाराची पोरगी, यंदा शाळेत जाते. शिंप्याचा मुलगा, चांगला दांडगा. आणि मग शेजारचं घर. चो मारचं बाळ बंद खोलीत शहाण्यासारखं झोपून असायचं. भिंतीपलीकडून त्याचं रडणं यायचं, बारीक, उंच.

त्या बाळाबद्दल तिनं कसंबसं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या की ते बाळ त्यांनी पाहिलेलं नाही, आणि ते कशानं गेलं हे आज कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. आजीला वाटलं, ठामपणे हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती उठून काचेपाशी गेली. एंद्राच्या गालावरून हळदीचे ओघळ उतरले होते. सून रागावेल, ओरडेल, अशी आजीची तयारी होती. तिला ते हवंही होतं. पण एंद्रा काचेतून आत बघत शांतपणे म्हणाली, "मला पटलं होतं, आई. चार वर्षं रोज ऐकून मलाच पटलं होतं, की माझ्या लेकराचं हे मी केलं. रोज त्याला भरवताना मी त्याची माफी मागायची. त्याला तर ऐकूही येत नाही."

आजी तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. एंद्रानं तिला उठवलं नाही, दूरही लोटलं नाही.

बाळ वाचलं. पण ते पुरतं वाचलं का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं. कान पुन्हा पुन्हा तपासावे लागतील, मान धरतो का ते बघावं लागेल, वर्षभरानं खरं काय ते कळेल. असं टांगणीला लागलेलं बाळ घेऊन दोघी घरी आल्या. अंगावर त्याच्या आईनं शिवलेलं मऊ झबलं होतं.

आल्याबरोबर आजीनं पहिलं काम केलं ते अंगणात चूल पेटवण्याचं. हंडाभर पाणी तापवलं, त्यात केस धुवायची झाडाची साल कुस्करली, लिंबू पिळलं. मग एंद्राला हाताला धरून अंगणात आणलं आणि पाटावर बसवलं, भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. ओसरीवरच्या बायकांना काय चाललंय ते कळेचना.

"अगं ओन सेन, ओली बाळंतीण आहे ती!" एक म्हातारी म्हणाली.

"माहीत आहे मला," आजी म्हणाली, आणि तिनं पहिला तांब्या सुनेच्या डोक्यावर ओतला.

केस चोळता चोळता ती बोलत राहिली. हळू नाही, ओसरीवर ऐकू जाईल असं. फो लोनचं हे एंद्राच्या केसांनी झालं नाही. बंद खोलीनं झालं, माझ्या अडाणी हट्टानं झालं, माझ्या पेटीतल्या गोळ्यांनी झालं. चार वर्षं मी हिला बोल लावला, तुम्हीही माझी री ओढलीत. आता माझ्याबरोबर तुम्हीही हे ऐका. हळदीचं पाणी पाटाखालून वाहत नालीकडे गेलं. एंद्रानं डोळे मिटले होते. पाणी गरम आहे का, एवढंच आजीनं तिला मध्ये विचारलं, आणि ती हो म्हणाली.

मग आजीनं पेटी ओढत ओसरीवर आणली आणि उपडी केली. ही सगळी परसात खोल पुरायची, म्हणाली. धुऊन, वाळवून, पुन्हा कुणाच्या घरात जायला नकोत.

चो मार तेव्हा तिथं नव्हती. ती आपल्या घरात गेली होती आणि परत आली तेव्हा तिच्या हातात एक लहानसं निळं झबलं होतं. पेटीतलंच. तिच्या बाळाच्या अंगावर शेवटी हेच होतं. बाकीचे कपडे तिनं परत केले, पण हे तिला देववलं नव्हतं, आणि एवढी वर्षं आजीनंही ते मागितलं नव्हतं.

"हे उशाखाली ठेवते मी," चो मार म्हणाली. "अजून त्याचा वास येतो ह्याला." तिनं ते आजीपुढं धरलं. "बघा."

आजीनं ते घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. वास तिथंवर येत होता, आणि तो कशाचा होता हे ओसरीवरच्या प्रत्येकीला आता ठाऊक होतं. चो मारनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग तिनं झबलं आपल्या नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

"हा त्याचा नाही का?" तिनं विचारलं.

"नाही गं पोरी," ओन सेन आजी म्हणाली. "माझ्या गोळ्यांचा आहे."

तिनं चो मारचे पाय धरले. चो मारनं पाय मागं घेतले, वळली आणि घरात गेली. ती विड्या वळायला त्या ओसरीवर पुन्हा आली नाही, आणि आजीनंही तिला कधी बोलावणं पाठवलं नाही. फो लोनला बघायला मात्र ती अधूनमधून येते, आणि येते ती आजी बाहेर गेलेली बघूनच.

आजी हल्ली बरीच बाहेर असते. गल्लीत कुणाला बाळ झालं की बोलावण्याची वाट न बघता जाते. आधी सरळ जाऊन खिडकी उघडते, मग बसते. बाळाला उजेडात उघडं करून बघते, बोटानं दाबून बघते, पितं का विचारते, शी-शूचं विचारते. कपड्यांचा वास घेते. पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, पिवळं पायांपर्यंत उतरलं, बाळ पीत नाही, उठवून उठत नाही, असलं काही दिसलं तर घरच्यांशी वाद घालत बसत नाही, तीनचाकी बोलावते. काही घरांत तिला अजून तोंडावर बोलतात, की हिच्या पेटीनं केलं आणि आता आम्हाला शिकवायला आली. ती ऐकून घेते. खरंच आहे म्हणते, आणि म्हणूनच सांगते म्हणते.

वाचकहो, ती पेटी आपल्या सगळ्यांच्या घरात कुठं ना कुठं आहे. मायेनं जपलेली म्हणून आपण ती उघडून तपासत नाही, आणि घरात काही बिघडलं की आधी सुनेकडे बघतो. नवं बाळ घरात आलं की त्याला जुन्या कपड्यांतल्या डांबरगोळ्यांपासून दूर ठेवा, रोज दिवसाच्या उजेडात बघा, आणि डॉक्टरांनी परत बोलावलं असेल त्या दिवशी घेऊन जा. काविळीवर आज उपाय आहे, पण तो वेळेवर आलेल्यांसाठी आहे. उशीर झाला तर उरतं ते ओसरीवरच्या चटईवर पडलेलं लेकरू, नाहीतर उशाखालचं एक झबलं.

एंद्राच्या धाकट्याच्या मागं जाऊन आजी रोज सकाळी एकदा टाळी वाजवते. त्यानं वळून बघावं म्हणून ती थांबते. कधी तो वळतो, कधी वळत नाही.